जमिनीवरील विमानाचा बाह्य वीजपुरवठा आणि अग्निसुरक्षा : एक विवेचन

गोषवारा

विमान जमिनीवर उभे असताना त्यास बाहेरून वीज पुरविली जाते. या काळात विमानातील बहुतेक विद्युत मंडले जिवंत असतात; मात्र त्यांच्यावर लक्ष ठेवणारे वैमानिक अनेकदा जागेवर नसतात. पुरवठ्याच्या रक्षक यंत्रणा विद्युतदाब, वारंवारता आणि विद्युतधारा यांचे मापन करतात. आग मात्र उष्णतेने लागते, आणि सर्वच उष्णता या तीन मापांत उमटत नाही. या दोहोंतील अंतर कोठे निर्माण होते व ते कसे भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात प्रत्यक्ष घटनांच्या आधारे केला आहे.

बीजसंज्ञा : बाह्य वीजपुरवठा, संपर्करोध, कॉन्टॅक्टर, विद्युतरोधक आवरण, लिथियम बॅटरी, अग्निसुरक्षा.

प्रस्तावना

विमानसुरक्षेचा विचार करताना सामान्यतः उड्डाण, अवतरण आणि आकाशातील संकटे डोळ्यांसमोर येतात. विमान धावपट्टी सोडून आपल्या जागी येऊन उभे राहिले, की प्रवास सुखरूप संपला असे मानले जाते. परंतु विमानाच्या विद्युत यंत्रणेच्या दृष्टीने तेथे काहीही संपलेले नसते. दिवे, पंखे, संगणक, स्वयंपाककक्षातील भट्ट्या, सामानकक्षाचे दरवाजे, इंधन भरण्याच्या झडपा या सर्वांना वीज हवी असते. सफाई कामगार, तंत्रज्ञ, खानपान सेवक आणि सामान चढविणारे कर्मचारी विमानात व विमानाभोवती वावरत असतात. अशा वेळी लागलेल्या आगीचा पहिला धूर वैमानिकाला नव्हे, तर यांच्यापैकी कोणाला तरी दिसण्याचा संभव अधिक असतो. म्हणूनच हा विषय केवळ विद्युत अभियंत्यापुरता मर्यादित राहत नाही.

१. बाह्य वीजपुरवठ्याचे स्वरूप

उड्डाणात विमानाची वीज इंजिनांना जोडलेल्या जनित्रांतून येते. जमिनीवर इंजिने बंद असताना दोन पर्याय उरतात. पहिला म्हणजे विमानाच्या शेपटीतील छोटे सहायक इंजिन, ज्यास विमानतळावर सर्वत्र एपीयू म्हणतात. दुसरा म्हणजे बाहेरून येणारी वीज. एपीयू इंधन जाळते, आवाज करते आणि धूर सोडते; त्यामुळे अनेक मोठ्या विमानतळांवर प्रवासी पुलालाच जोडलेल्या स्थिर वीजपुरवठ्याचा वापर केला जातो. जेथे पूल नसतो तेथे चाकांवरील डिझेल जनित्र, म्हणजेच जीपीयू, विमानाजवळ आणून उभे केले जाते.

ही वीज घरगुती विजेपेक्षा वेगळी असते. भारतात घरोघरी येणाऱ्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते, तर मोठ्या प्रवासी विमानांस ११५/२०० व्होल्ट, तीन फेजची आणि ४०० हर्ट्झ वारंवारतेची वीज लागते. वारंवारता वाढविल्यास रोहित्रे व मोटारी आकाराने लहान आणि वजनाने हलक्या करता येतात, हे त्यामागील कारण होय. लहान विमाने व अनेक हेलिकॉप्टर यांना मात्र २८ व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरतो.

विमानाच्या पुरवठा जागेची प्रचलित क्षमता ९० किलोव्होल्ट-अँपियर असते. एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ यांना अशी एक जागा असते, बोइंग ७७७ ला दोन, तर एअरबस ए-३८० ला चार. पूर्ण भार असताना प्रत्येक फेजमधून सुमारे २६० अँपियर धारा वाहते. ही संख्या लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोवती फिरते.

प्लगला सहा पिनांची रचना असते. चार जाड पिना तीन फेज व न्यूट्रल यांच्यासाठी असतात, तर ‘ई’ आणि ‘एफ’ या दोन बारीक पिना नियंत्रणासाठी असतात. या बारीक पिना मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात. प्लग लावताना त्या सर्वांत शेवटी जुळतात आणि काढताना सर्वांत आधी सुटतात. त्या सुटताच मुख्य पुरवठा तोडला जातो, आणि जाड पिना विलग होईपर्यंत त्यांतून धारा वाहत नसते. असे नसते तर प्रत्येक वेळी प्लग ओढताना ठिणगीचा लोळ उठला असता. प्लग लावल्यानंतरही वीज लगेच आत जात नाही. विमानातील नियंत्रक दाब, वारंवारता आणि फेजचा क्रम तपासतो. ते योग्य असल्यासच वैमानिककक्षात पुरवठा उपलब्ध असल्याचा दिवा लागतो आणि तेथील बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टर मिटून पुरवठा सुरू होतो.

२. पिनेतील उष्णतेचे गणित

इतकी चोख रचना असताना आगीचा धोका कोठून येतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर पिना व खाचा यांच्या संपर्कात आहे. एकच प्लग दिवसभरात अनेक विमानांना लावला जातो. तो जमिनीवर पडतो, पावसात भिजतो, धूळ खातो, आणि पुष्कळदा हाताऐवजी केबल धरून ओढला जातो. त्यामुळे आतील खाचा सैल होतात, पृष्ठभागावर गंज व काजळी साचते आणि संपर्काचा रोध वाढतो.

वाहकात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. संपर्करोध एक सहस्रांश ओहम आहे असे मानले, तर २६० अँपियर धारेला एका पिनेत सुमारे ६८ वॉट उष्णता निर्माण होते. तोच रोध झिजेमुळे पाच सहस्रांश ओहम झाला, तर उष्णता ३३८ वॉटवर जाते. तिन्ही फेजांच्या पिना अशाच झिजलेल्या असतील तर एकूण उष्णता हजार वॉटच्या पुढे जाते. म्हणजे कपड्यांची एक मोठी इस्त्री हाताच्या पंजाएवढ्या रबरी प्लगमध्ये सतत तापत ठेवल्यासारखे होते. भार निम्म्यावर आल्यास उष्णता एक चतुर्थांश होते. म्हणूनच कमी भारावर ‘ठीक’ वाटलेला प्लग भट्ट्या आणि पंखे एकाच वेळी सुरू होताच तापू लागतो.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाच सहस्रांश ओहमच्या रोधामुळे विद्युतदाबात पडणारा फरक केवळ १.३ व्होल्ट असतो. विमानाच्या विजेसाठीच्या मिल-एसटीडी-७०४ या अमेरिकी मानकात स्थिर दाब १०८ ते ११८ व्होल्ट या मर्यादेत चालतो. अर्थात दाब पाहणाऱ्या यंत्रणेला येथे काहीच वावगे आढळत नाही. धाराही ठरलेल्या मर्यादेतच असते, त्यामुळे सर्किट ब्रेकर पडत नाही. प्रत्येक रक्षक आपापले काम नेकीने करीत असतो आणि तरीही प्लग वितळत असतो.

हा दोष एका जागी थांबत नाही. तापलेली खाच आपली पकड गमावते, पकड सैल झाल्याने रोध वाढतो, आणि वाढलेल्या रोधाने उष्णता आणखी वाढते. खराब प्लग विमानाच्या पिनांना खरडतो आणि जाळतो. ते विमान पुढच्या विमानतळावर गेले की तेथील चांगला प्लग खराब होतो. साथीच्या रोगाप्रमाणे हा दोष एका गावाहून दुसऱ्या गावी जातो.

३. विमानाच्या आत : तीन घटनांचा बोध

बाहेरचा प्लग डोळ्यांना दिसतो. वीज विमानाच्या आत शिरल्यानंतरचा मार्ग मात्र झाकलेला असतो. पुढील तीन घटनांपैकी प्रत्येक वेळी विमान जमिनीवरच होते. त्यांत दोष बाह्य पुरवठ्याचा होता असे नव्हे. परंतु ज्या तारा व ज्या फलकांना बाह्य पुरवठा जिवंत ठेवतो, त्यांच्यात काय घडू शकते हे त्यांवरून स्पष्ट होते.

२६ फेब्रुवारी २००७ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ विमानाचे इंजिन सुरू केले जात असताना मुख्य विद्युत फलकातील कॉन्टॅक्टर आतून निकामी झाला. वितळलेल्या धातूचे थेंब फलकाच्या उघड्या तळातून खाली पडले आणि तेथील विद्युत उपकरणांलगतच्या उष्णतारोधक आवरणांनी पेट घेतला. प्रवाशांना तातडीने बाहेर काढण्यात आले. वीज जोडणारा व तोडणारा सुटा भाग स्वतःच ठिणगीचा उगम ठरू शकतो, आणि त्याखाली काय ठेवले आहे यावर पुढचे सर्व अवलंबून असते, हा या घटनेचा बोध होय.

२८ जून २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एबीएक्स एअरच्या बोइंग ७६७ मालवाहू विमानात इंजिने सुरू होण्यापूर्वी आग लागली. दोन्ही वैमानिक वैमानिककक्षाच्या खिडक्यांतून बाहेर पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढलेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. प्राणवायूच्या लवचिक नळ्यांमध्ये आधारासाठी धातूची स्प्रिंग होती आणि विद्युत तारा व प्राणवायू यंत्रणेचे वीजवाहक भाग यांच्यात पुरेसे अंतर राखलेले नव्हते. शॉर्ट सर्किटमुळे नळी फुटली, प्राणवायू मोकळा झाला आणि आगीने क्षणात उग्र रूप धारण केले. अशा नळ्यांचा धोका विमाननिर्मात्याच्या पूर्वीच लक्षात आलेला होता. त्या बदलणे मात्र सक्तीचे करण्यात आलेले नव्हते.

२९ जुलै २०११ रोजी कैरो विमानतळावर जेद्दाहला निघालेल्या इजिप्तएअरच्या बोइंग ७७७ विमानात, विमान प्रवासी पुलालगत उभे असताना, सहवैमानिकाच्या प्राणवायू मुखवट्याजवळ आग भडकली. सर्व प्रवासी बाहेर पडू शकले. विमान मात्र कायमचे निकामी झाले. येथेही विद्युत दोषाने प्राणवायूची नळी तापली असण्याची शक्यता तपासात नोंदविली गेली.

तिन्ही घटनांतील समान सूत्र असे की, ठिणगी निर्माण झाली आणि तिच्या शेजारीच जळणारी वस्तू होती. तारांवर साचलेला कापसासारखा कचरा, दुरुस्तीच्या वेळी पडलेले धातूचे बारीक कीस, गळलेले तेल आणि घासून पातळ झालेले आवरण यांमुळे ही जवळीक वाढत जाते. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरच्या १११ क्रमांकाच्या उड्डाणात तारेच्या ठिणगीने उष्णतारोधक आवरण पेटले आणि २२९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर विमानातील तारांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने २००७ साली विद्युत तारांच्या संपूर्ण जाळ्यासाठी रचना व देखभाल यांचे स्वतंत्र नियम केले. तारा म्हणजे एकदा बसवून विसरण्याची वस्तू नव्हे, तर इंजिनाप्रमाणेच देखभाल मागणारी यंत्रणा आहे, ही त्यामागील भूमिका होय.

४. इंधनाचे सान्निध्य

विमानाजवळची कोणतीही ठिणगी इंधनापासून दूर नसते. जेट ए-१ या इंधनाचा ज्वलनांक किमान ३८ अंश सेल्सिअस असतो. त्याखालील तापमानात त्याची वाफ सहसा पेट घेण्याइतकी साचत नाही. परंतु मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि तापलेल्या काँक्रीटलगतची हवा त्याहूनही उष्ण असते. थंड देशात सुरक्षित मानलेले अंतर विदर्भातील उन्हात तितकेच सुरक्षित मानता येत नाही.

११ मे १९९० रोजी मनिला येथे फिलिपीन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मध्ये आणि ३ मार्च २००१ रोजी बँकॉक येथे थाई एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये मधल्या इंधन टाकीचा जमिनीवरच स्फोट झाला. मनिला येथे आठ जण, तर बँकॉक येथे विमानातील एक कर्मचारी मृत्यू पावला. दोन्ही ठिकाणी टाकीखालील वातानुकूलन संयंत्रे स्फोटापूर्वी दीर्घ काळ चालू होती आणि टाकीतील वाफ तापलेली होती. येथे बाह्य पुरवठ्याची एक उपकारक बाजू दिसते. पुलावरून विजेबरोबर थंड हवाही दिली, तर विमानाची स्वतःची वातानुकूलन संयंत्रे चालवावी लागत नाहीत व टाकीखालची उष्णता टळते. मात्र नुसती वीज देऊन हे साधत नाही, कारण बहुतेक विमानांची ही संयंत्रे विजेवर नव्हे, तर एपीयूकडून येणाऱ्या दाबाच्या हवेवर चालतात.

इंधन भरणे चालू असताना प्लग लावू अथवा काढू नये, हा नियम याच कारणाने पाळला जातो. जोडणी इंधन भरण्यापूर्वी करावी आणि ती इंधनाची नळी काढल्यानंतरच सोडावी. जीपीयू टाकीच्या वायुछिद्रांपासून दूर उभे करावे. खुद्द जमिनीवरील वाहनही पेट घेऊ शकते, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. १० जानेवारी २०२२ रोजी मुंबई विमानतळावर जामनगरला निघालेल्या विमानाजवळच विमान ढकलणाऱ्या ट्रॅक्टरने पेट घेतला होता. आग त्वरित विझविल्याने कोणालाही इजा झाली नाही.

५. पुरवठा तोडल्यानंतर

बाह्य पुरवठा बंद केला म्हणजे धोका संपला, असा समज होणे साहजिक आहे. तो अपुरा आहे, हे २०१३ या एकाच वर्षातील दोन घटनांनी दाखवून दिले.

७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टन येथे जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ मधून प्रवासी उतरून गेल्यानंतर एपीयूच्या लिथियम बॅटरीने पेट घेतला. विमानाच्या मागील भागातील धूर प्रथम सफाई कर्मचाऱ्यांच्या लक्षात आला. बॅटरीच्या एका घटकातील अंतर्गत शॉर्ट सर्किटमधून ही आग पसरल्याचे तपासात आढळले. त्याच महिन्यात जगभरातील ७८७ विमाने जमिनीवर उतरविण्यात आली. एअर इंडियाची सहा विमानेही त्यांत होती. १२ जुलै २०१३ रोजी हीथ्रो येथे इथिओपियन एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ ला आग लागली, तेव्हा विमानात कोणी नव्हते आणि त्याची वीजही बंद होती. आणीबाणीत संदेश देणाऱ्या छोट्या यंत्राच्या तारा झाकणाखाली चिरडल्या गेल्या होत्या. त्यामुळे त्याची लिथियम बॅटरी तापली आणि शेपटीकडील छताचा भाग जळाला.

तात्पर्य, वीज बंद करणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. विमानात स्वतःची ऊर्जा साठविणाऱ्या बॅटऱ्या असतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावयास विमानाजवळ माणूस लागतो.

६. प्रतिबंधक उपाय

वरील विवेचनातून पुढील उपाय निष्पन्न होतात.

(१) प्लगची रोजची पाहणी : पिनेवर खाच घट्ट बसते की सैल, रबर काळे अथवा मऊ पडले आहे काय, हे प्रत्येक पाळीत पाहावे. पुढचा झिजणारा भाग बदलता येतो अशा रचनेचे प्लग मिळतात. तो वेळेवर बदलावा. जळका वास येणारा प्लग ‘आणखी एक विमान’ म्हणून वापरू नये.

(२) उष्णतेचे मापन : दाब व धारा यांच्या नोंदींबरोबर पूर्ण भारावर प्लगचे तापमानही नोंदवावे. दुरून तापमान दाखविणारे हातातील उपकरण यासाठी पुरते. काही नव्या प्लगांमध्ये तापमान संवेदक बसविलेले असतात व अति तापल्यास ते पुरवठा आपोआप तोडतात.

(३) केबलची निगा : भार चालू असताना केबल वेटोळे करून ठेवू नये, आतील उष्णतेला बाहेर पडण्यास वाव मिळत नाही. केबलवरून वाहने नेऊ नयेत आणि तिचा ताण प्लगवर येऊ देऊ नये.

(४) जोडण्या-तोडण्याचा क्रम : प्रथम वैमानिककक्षातून भार काढावा, नंतर जमिनीवरील संचाचा पुरवठा बंद करावा आणि शेवटी प्लग काढावा. ‘ई’ व ‘एफ’ पिनांची बगल देणारी तार जोडून संच चालविणे म्हणजे मुख्य रक्षकालाच दूर करणे होय. प्लग निघाल्याची खात्री केल्याखेरीज वाहन हलवू नये.

(५) पडलेला सर्किट ब्रेकर : तो का पडला हे समजल्याशिवाय पुन्हा वर करू नये. पडलेला ब्रेकर ही अडचण नसून सूचना असते.

(६) निगराणी : विमानात कोणीही जबाबदार व्यक्ती नसेल तर बाह्य पुरवठा बंद ठेवावा. अनेक विमानांत विद्युत उपकरणांना थंड ठेवणारी हवा बंद पडली, की पुढच्या चाकाच्या कप्प्यातील भोंगा वाजतो. हा भोंगा कशासाठी वाजतो, हे विमानाखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला शिकविले पाहिजे. अर्थ न कळलेला इशारा हा केवळ गोंगाट ठरतो.

७. आग अथवा धूर आढळल्यास

प्रथम माणसांना बाहेर काढावे आणि विमानतळाच्या अग्निशमन दलास कळवावे. त्याच वेळी जमिनीवरील संचाचे लाल आपत्कालीन बटण दाबून वीज तोडावी. जळता प्लग भार चालू असताना हाताने ओढू नये. जिवंत विद्युत उपकरणावर पाणी मारू नये. कार्बन डायऑक्साइड अथवा कोरड्या चूर्णाचे अग्निशामक वापरावे. लिथियम बॅटरीची आग विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकू शकते, म्हणून ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी तेथून लक्ष काढू नये. सफाई व खानपान कर्मचारी बहुधा कंत्राटी असतात आणि प्रशिक्षणात सर्वांत शेवटी त्यांचा विचार होतो. बोस्टनचा धूर त्यांच्याच नजरेस पडला होता, हे ध्यानात घेतल्यास हा क्रम बदलणे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष

बाह्य वीजपुरवठा ही मूलतः सुरक्षित आणि पर्यावरणास अनुकूल व्यवस्था आहे. तिच्या रक्षक यंत्रणाही विचारपूर्वक रचलेल्या आहेत. परंतु सैल पिनेची उष्णता, कॉन्टॅक्टरमधून गळणारा धातू, तारेशेजारची प्राणवायूची नळी आणि बॅटरीतील अंतर्गत दोष हे दाब व धारेच्या मापांत वेळेवर दिसतीलच, असे नाही. यंत्र जे मोजत नाही ते माणसाने पाहावे लागते. म्हणून उत्तम उपकरणांइतकाच भर प्लगच्या रोजच्या पाहणीवर, तारांच्या स्वच्छतेवर आणि विमानात काम करणाऱ्या शेवटच्या कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणावर दिला गेला पाहिजे. उभ्या विमानातील आग टाळणे हे पुष्कळदा खर्चिक तंत्रज्ञानापेक्षा वेळीच बदललेल्या एका प्लगवर आणि वेळीच ओळखलेल्या धुराच्या वासावर अवलंबून असते.